मसणवट्याचा खुंट

दिवेआगरच्या भागोजीकडे कोणी कलमं बांधून घ्यायला आलं, की तो त्याला आधी पाट देई, पाणी देई आणि मग विचारी, "माती आणलीस?"

माती नसली तर माणूस आल्या वाटेनं परत. असली, तर भागोजी पुरचुंडी सोडून चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि अंगणाच्या कडेला जाऊन चूळ भरायचा. नवखा माणूस हे बघून बिचकायचा. आळीतली पोरं तर तोंडावर पदर घेतल्यासारखी हात धरून हसायची. पण म्हाताऱ्याचं निदान सहसा चुकत नसे. "कातळावरची हाय. दोन हात खणलंस की जांभा लागंल," असं तो सांगे, किंवा "ही पुळण हाय, पानी धरायची न्हाय." आणि लगेच दुसरा प्रश्न असे, "त्या जागेत आपसूक उगवलेला आंबा कुठला हाय? कुणी लावला न्हाय, कुणी पानी घातलं न्हाय, तरी उभा हाय, असा?"

त्या झाडाच्या कोयी आणायला तो सांगे. फळ गोड असो, आंबट असो, दोऱ्यांनी भरलेलं असो, त्याला त्याचं काही नसे. कलमाला अंगं दोन. खाली खुंट, म्हणजे कोयीपासून वाढवलेलं साधं रायवळ रोप. वर काडी, म्हणजे चांगल्या हापूसची फांदी. दुसरे कलमवाले बाजारात चोखून टाकलेल्या कोयी पाटीभर गोळा करत आणि सगळ्यांचे खुंट करत. भागोजी म्हणे, "खुंट बघावा जमिनीचा, काडी बघावी चवीची. माडी समद्यांना दिसते, जोतं कोन बघतो?" कातळावर लावायचं असलं तर तो डोंगरउतारावरच्या झाडाची कोय घेई, आणि तीही कुंडीत नाही, तर पोफळीच्या झापाच्या बुडाशी जी रुंद विरी असते तिची उभी नळी करून तीत रुजवी. कुंडीत मूळ गुंडाळतं, नळीत ते सरळ खाली जातं आणि कातळातली भेग शोधतं. पुळणीवरच्या कलमाला मात्र त्याला समुद्राच्या वाऱ्यात बुटकं, जाडजूड राहिलेल्या झाडाची कोय लागे.

राही ही त्याची एकुलती लेक. बायकांनी कलमं बांधायची त्या गावात रीत नव्हती, पण भागोजीला मुलगा नव्हता आणि राहीचा हात हलका होता. खुंटाचा आणि आईझाडाला अजून धरून असलेल्या काडीचा सारखा तासलेला भाग एकमेकांना लावायचा, केळीच्या सोपटानं घट्ट पण न आवळता बांधायचा, वरून माती-शेण लिंपायचं. मग अडीच-तीन महिने वाट बघायची. दोन्ही एकजीव झाली की खुंटाचा शेंडा आणि काडीचा बुडखा असं थोडं थोडं कापत आईझाडापासून कलम तोडायचं. "लेकीला सासरी धाडतात तसं," भागोजी म्हणायचा, "एकदम न्हाय तोडायचं. आधी चार दिस, मग आठ दिस."

तिला मात्र त्यानं एकदमच धाडली. सेहेचाळीस साली राही रेवदंड्याला सदाच्या घरात आली. सदा मुंबईला गोदीत कामाला, शिमग्याला आणि गणपतीला घरी. एरवी घरात सासू बायजा आणि राही, दोघीच. बायजा कडक. पहाटे आंघोळ झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही, देवाला दाखवल्याशिवाय घरात फळाची फोड कुणी तोंडात घालायची नाही. राहीला त्याचा जाच वाटला नाही, कारण तिचा स्वतःचा ओढाही देवाकडेच होता. सासू-सुनेचं या एका बाबतीत इतकं जुळे, की आळीतल्या बायका म्हणत, "दोघी एकाच देव्हाऱ्यातल्या."

त्यांची वाडी खाडीच्या बांधाआड होती. अठ्ठेचाळीसच्या एका उधाणात बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आठ दिवस वाडीत उभं राहिलं. बांध पुन्हा घातला, पण माती खारावली. माड तेवढे तगले. बाकी जे लावावं ते पहिल्या उन्हाळ्यात करपे.

बावन्नच्या शिमग्याला राही माहेरी गेली, तर घरामागच्या हापूसच्या बुंध्याशी भुशाचा ढीग. आत भिरूड लागला होता. भागोजी तार घालून किडे काढत होता. तार बाहेर आली की तिच्याबरोबर ओला भुगा येई.

हा आंबा भागोजीच्या सगळ्या कलमांची आई. कापला की वास आधी घरभर फिरायचा. तोंडात घातला की गोडीच्या मागून किंचित आंबटाचा झटका यायचा, आणि त्या झटक्यासाठी माणसं दुसरी फोड मागायची.

"जगंल का आबा?" राहीनं विचारलं.

"तीन पावसाळे काढील. फार तर चार." भागोजीनं तार पुसली. "मीबी तेवढंच काढीन. माज्यामागं हितं कोन बघणार, बाय? मी लोकांना कलमं दिली, ती कुठं कुठं गेली, जगली का मेली, कुणी सांगितलं न्हाय. एक तुज्या दारी पायजे. माती घेऊन ये."

पुढच्या खेपेला तिनं माती नेली. भागोजीनं जिभेला लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून बसला.

"खाडी शिरलीय हिच्यात. गोड्या आंब्याची कोय हितं लावशील तर रडशील. तुमच्या खाडीच्या कडंला, खाऱ्या पान्यात पाय बुडवून उभा असा आंबा कुठला?"

राहीला तो आंबा चांगला ठाऊक होता. मसणवट्याच्या कोपऱ्यावर, भरतीचं पाणी जिथं बुंध्यापर्यंत येतं, तिथं तो उभा होता. फळं बचकेएवढी पण जहर आंबट, नुसत्या दोऱ्या. ती खाली पडत, सडत, भरतीबरोबर वाहून जात. गुरंही तोंड लावत नसत. मसणवट्यातली साधी काटकीसुद्धा कोणी चुलीत घालत नसे. तिथून आलेला पुरुष अंगणात डोक्यावरून पाणी घेतल्याखेरीज उंबरा ओलांडत नसे आणि बायका तर त्या वाटेनं जातच नसत. त्या झाडाच्या मुळावर घरचा आंबा वाढवायचा, आणि त्याचं फळ देवापुढं ठेवायचं?

"न्हाय," ती म्हणाली. "तसा कुठला न्हाय."

भागोजीनं तिच्याकडं बघितलं. "खाडीला एक तरी असतो," एवढंच म्हणाला.

त्या वर्षीच्या वटपौर्णिमेला सुवासिनींनी एकमेकींच्या ओटीत आंब्याचं वाण घातलं. राहीला अकरा आंबे मिळाले. वडाला दोरा गुंडाळताना तिच्या मनात आलं, की वाणाच्या कोयीपेक्षा पवित्र कोय कुठली? देव काय खारावलेली जमीन बघत नाही? तिनं अकराही कोयी धुऊन कुंड्यांत लावल्या, पहिलं पाणी देवाच्या तीर्थाचं घातलं. बायजानं स्वतः हळदकुंकू वाहिलं. कोयी झकास रुजल्या. पुढच्या पावसाळ्यात रोपं होडीनं, गाडीनं, पुन्हा होडीनं अशी दोन खाड्या ओलांडून दिवेआगरला गेली आणि भागोजीच्या आंब्याला बांधली गेली.

भागोजी तोवर फार थकला होता. ओटीवर खाटेवर पडून तो लेकीचे हात बघत होता. "बांधणं बरं हाय," म्हणाला. खुंट कुठला ते त्यानं विचारलं. वाणाच्या कोयी, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, "देवाचं नाव घेतलंस, मी काय बोलू? पन माती देव न्हाय, राही. मातीला नवस चालत न्हाय."

सात कलमं साधली. चोपन्नच्या पावसात वाडीत लागली. पावसाळाभर ती अशी हसत होती, की बायजा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "वाणाची हायेत." मार्गशीर्षापर्यंतही ठीक होतं. मग ऊन तापलं, ओल खाली गेली आणि मीठ वर आलं. पानांच्या कडा आधी तांबूस झाल्या, जसा तव्यावर पापड कडेनं लागतो तशा. राहीनं गोडं पाणी घातलं, घागरीवर घागरी. फाल्गुनात दोन वाळली. चैत्रात आणखी तीन. उरलेली दोन नुसत्या काड्या होऊन उभी राहिली, आणि त्याच चैत्रात दिवेआगरहून भागोजी गेल्याचा निरोप आला.

दिवेआगरला जाऊन बापाचे दिवस करून राही घरामागं गेली, तर आंब्याच्या दोन बाजूंच्या फांद्या वाळलेल्या. उत्तरेकडची एकच हिरवी होती. बुंध्यावर हात मारला तर पोकळ आवाज आला. आता हिशेब सरळ होता. नवा खुंट रुजवायला एक पावसाळा, बांधायला दुसरा. फांदी तोवर तगली तर तगली. यंदा कोय लावली नाही, तर बापाचा आंबा या जगातून उठला.

ज्येष्ठ लागला. रेवदंड्याला मसणवट्यातला आंबा पिकून गळायला लागला होता. राहीनं तीन दिवस देवापुढं कौल मागावा तसं बसून बघितलं, पण मन काही सांगेना. चौथ्या दिवशी ती धुणं आटोपून सासूसमोर उभी राहिली.

"आत्या, मी खाडीवरच्या त्या आंब्याच्या कोयी आणणार हाय."

बायजा तांदूळ निवडत होती. सुपावरचा हात थांबला. "कुठल्या आंब्याच्या?"

"मसणवट्याच्या."

"तुजं डोस्कं फिरलंय."

"आबांनी मला तीन वर्सांमागंच इचारलं होतं. मी खोटं बोलले. असा आंबा न्हाय म्हणून सांगितलं. त्यापायी सात कलमं मेली."

"मेली ती उन्हानं मेली. आणि तू बापाशी खोटं बोललीस ते देवासाठी बोललीस, पाप न्हाय त्यात."

"पाप हाय का न्हाय ते मला ठावं न्हाय. झाड मेलं हे ठावं हाय."

"अगो, तो मसणातला आंबा! आपली माणसं जाळली तिथं. त्यांच्या राखंवर वाढलाय तो. त्याच्या मुळावरचं फळ तू माज्या देव्हाऱ्यात ठेवणार?"

"मूळ जमिनीत ऱ्हातं, आत्या. फळ वर येतं."

"बाईचं कूळ इचारताना आई कोन, बाप कोन दोन्ही इचारतात. अर्धंच इचारत न्हाय."

खरं तर हेच राहीच्याही मनात होतं. सासू तिचंच मन बोलत होती, म्हणून तर भांडण अवघड होतं. ती तिथंच बसली आणि सुपातले खडे वेचायला लागली.

शेवटी बायजाच म्हणाली, "सदा असता तर त्यानं तुला आडवली असती."

"न्हाय. म्हणाले असते, तुमचं तुम्ही बघा."

"व्हय, तसंच म्हणाला असता तो." बायजानं सूप पाखडलं. "आण. बापाचं झाड हाय, मी न्हाय म्हणणारी कोन? पन एक ऐक. त्या झाडाचं फळ माज्या देवाला चालायचं न्हाय. आज न्हाय, मी मेल्यावर न्हाय. देवाला दाखवायचं न्हाय, म्हणजे घरातबी कुणी खायचं न्हाय. कबूल असंल तर आण."

ही अट राहीच्या काळजाला लागली. बापाचा आंबा जगवायचा आणि देवाला दाखवायचा नाही, म्हणजे जेवायला बोलावून ताट न वाढण्यासारखं. पण झाडाच्या जगण्याची किंमत हीच असेल तर तिची तयारी होती. "कबूल," ती म्हणाली.

भर दुपारी, वाटेवर कोणी नसताना ती गेली. गुडघाभर चिखलातून फळं गोळा केली आणि तिथंच खाडीत धुतली. येताना अंगणात लुगड्यासकट डोक्यावरून घागर ओतून घेतली. बायजानं पाणी काढून ठेवलंच होतं. कुंड्या मात्र घराच्या मागल्या अंगाला, तुळशीपासून लांब ठेवाव्या लागल्या. तीर्थ घातलं नाही. तरी रोपं आली, आणि ती वेगळीच आली. वाणाची रोपं सरळ, तजेलदार होती. ही बुटकी, जाड सालीची, पानं लहान आणि गर्द. चैत्रात राहीनं मुद्दाम त्यांना बांधाच्या विहिरीचं मचूळ पाणी घातलं. एकाही पानाची कड लाल झाली नाही.

छप्पन्नच्या आषाढात नऊ कुंड्या घेऊन ती निघाली. गोष्ट गावभर झालीच होती. खाडीपार साळावला उतरवणारा भिकू तरवाला वल्हं मारता मारता म्हणाला, "राहीबाय, मसणातली पोरं घेऊन माहेराला चाललीस व्हय?"

"व्हय. आजोळी सोडायला."

"माजी होडी बाटली आता. गंगाजल शिंपडावं लागंल."

"खाडी तीच हाय भिकूदादा, जी तिकडनं वाहते. रोज तीच शिंपडतोस की अंगावर."

होडीतली माणसं हसली. भिकूही हसला, पण उतरताना कुंड्यांना त्यानं हात लावला नाही. तिनं एकेक करून स्वतःच उतरवल्या.

दिवेआगरला चुलत्याकडं उतरून तिनं उत्तरेच्या फांदीखाली बांबूचा माळा बांधून घेतला, कारण फांदी उंच आणि कुंड्या फांदीपर्यंत न्यायच्या. पावसात माळ्यावर उकिडवं बसून ती काडी तासत होती. पहिली दोन बांधणी सोडून तिला पुन्हा करावी लागली. खाली खाट नव्हती, बरं-वाईट सांगणारं कोणी नव्हतं. तिनं नऊ बांधली. श्रावणभर राहून बघितलं, मग चुलतीला पाणी सांगून परत गेली. कार्तिकात तोडायला आली तेव्हा पाच एकजीव झाली होती. आईझाडाला त्या वर्षी मोहोर आलाच नाही. पुढच्या पावसात ते वाऱ्यानं मोडलं. चुलत्यानं लाकूड फोडायला घेतलं, तर आत मुठीनं उचलावा एवढा भुगा.

पाचांतलं एक वाटेत गाडीच्या हिसक्यानं गेलं. चार वाडीत लागली. पहिल्या उन्हाळ्यात राही रोज सकाळी देवपूजा आटोपली की पानांच्या कडा बघायला जायची. बायजा ओटीवरून विचारायची, "काय म्हणतात मसणातले?" त्यात टोमणा असायचा, पण विचारल्याशिवाय तिचाही दिवस सुरू होत नसे. पानं हिरवीच राहिली. दुसरा उन्हाळा, तिसरा. पुढं आजूबाजूच्या खारीतले लोक कुंपणाशी थांबून बघायला लागले. राहीनं त्यांना कलम मागायला लावलं नाही. कोय कुठली ते सांगायची, मग ज्याला भीती वाटेल तो जाई, गरज असेल तो थांबे.

बासष्टच्या चैत्रात एका कलमाला पहिल्यांदा फळ धरलं. सहा आंबे. राहीनं ते देठासकट उतरवले, गवतात घालून पिकवले. वास सुटला. ओटीवर, माजघरात, देव्हाऱ्यापर्यंत. राही अढीशी गेली नाही. अटच अशी होती, की घरात खायचं नाही. ती मनात म्हणाली, आहे हेच पुष्कळ. आता कुणाला तरी वाटून टाकावेत. पण कुणाला? देवाला न दाखवलेलं आपण खात नाही ते दुसऱ्याला कसं द्यायचं? दोन दिवस तिनं हाच घोळ घातला. आंब्यांवर सुरकुती धरायला लागली.

अखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस उजाडला. बायजा आता सत्तरीच्या पुढं गेली होती, काठी धरून चालायची. पितरांच्या नावानं पाण्याचा घट भरून झाला होता. पानं मांडून ती म्हणाली, "आंबे आण."

"बाजारातले आणलेत ना, चार."

"ते देवाला. मी तुज्या बापाचे मागतेय."

"आत्या, तुम्ही म्हणाला होतात..."

"मी देवाला न्हाय म्हटलं होतं. अजूनबी न्हाय म्हणते, जीभ उलटायची न्हाय माजी. पन आज अखिती. आज आंब्याचा पहिला मान पितरांचा असतो, सगळ्या घरात असतो. माजा दादला त्याच वाटंनं गेला, सासरे गेले. जिथं त्यांना पोचवलं तिथल्या मुळाचं फळ त्यांना बाटणार व्हय? उलट ओळखतील." तिनं दम घेतला. "ही अक्कल मला आत्ता सुचली असं समजू नकोस. पानं हिरवी राहिली तेव्हाच सुचली होती. म्हटलं, आधी फळ तर धरू दे."

राहीनं आंबे आणले. पितरांची पानं वाढली. बायजानं काठीनं बाजूची जागा दाखवली. "भागोजीचं पान वेगळं वाढ. त्याला मुलगा न्हाय, तू हायेस. भटजी काय म्हणतील ते मी बघते."

नैवेद्य झाला, पानं बाहेर ठेवून झाली. मग पितरांचा प्रसाद म्हणून उरलेला एक आंबा राहीनं कापला. बायजा भिंतीला टेकून तिच्या तोंडाकडं बघत बसली होती. गावातल्या कितीजणांनी पैज मारली होती, मसणाच्या मुळाचा आंबा आंबटच निघणार म्हणून.

राहीनं फोड तोंडात घातली.

"आंबट हाय?" बायजानं विचारलं.

"न्हाय."

"मंग रडतेस का गो?"

"थोडा हाय आंबट. मागनं. जेवढा असायचा तेवढाच."

"मंग इकडं दे की, येकटीच खातेस व्हय?" बायजानं हात पुढं केला.

बायजा आणखी तीन वर्षं जगली. तिच्यामागं अट विचारणारं घरात कोणी नव्हतं. सदा गोदीतून कायमचा घरी आल्यावर एकदा म्हणालाही, "आता ठेव देवापुढं, कोन बघतंय?" राहीनं ठेवला नाही. देवाला दरवर्षी दुसऱ्या झाडाचे आंबे जात. या चार झाडांचं पहिलं फळ अखितीला पितरांच्या पानावर, आणि त्यात आता एक पान बायजाचंही.